मोझॅक, काशीकारी आणि पाण्याच्या टाकीवरचा एक शब्द

गोंदियाच्या बाजारात टाइलच्या दुकानात जाऊन "मोझॅक दाखवा" म्हटलं की दुकानदार हसतो. "मॅडम, आता मोझॅक कोण बसवतं? व्हिट्रिफाइड घ्या." आपल्याकडे मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराची खडी मिसळून केलेली ती ठिपक्याठिपक्यांची फरशी. बसवल्यावर मशीन लावून तिची घासाई करायची, खोलीभर पांढरा चिखल व्हायचा आणि आठ दिवस कोणाला आत पाऊल टाकता यायचं नाही. माझ्या पिढीतली बरीच मुलं त्या फरशीवर लोळून मोठी झाली. खरं तर तिचं नाव टेराझो. संगमरवराचं काम झाल्यावर उरलेली खडी वाया जाऊ नये म्हणून व्हेनिसकडच्या कारागिरांनी ती रूढ केली. मराठीत मात्र तिला मोझॅक हेच नाव चिकटलं, आणि मूळच्या मोझॅकसाठी, म्हणजे रंगीत तुकडे जुळवून केलेल्या चित्रासाठी किंवा अक्षरांसाठी, आपल्याकडे धड शब्दच उरला नाही.

उर्दूत ही अडचण नाही. दगडात दगड बसवला तर पच्चीकारी. झिलई दिलेल्या रंगीत टाइलचं काम म्हणजे काशीकारी. अरबीत तुकड्यांच्या चित्राला फुसैफिसा म्हणतात. हा शब्द ग्रीकमधून आला आणि त्याचं मूळ 'खडा' या अर्थाच्या शब्दात आहे. वर्गात 'काशीकारी' म्हटलं की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, बनारसवाली काशी?" नाही. ही काशी म्हणजे इराणातलं काशान गाव.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या शाळेतली पाण्याची टाकी. टाकीच्या भिंतीवर दर दोन पावसाळ्यांनी ऑइलपेंटने 'पिण्याचे पाणी' लिहिलं जातं आणि दर दोन पावसाळ्यांनी त्याचे पोपडे सुटतात. आठवीच्या मुलांनी ठरवलं की यंदा तुकड्यांनी लिहायचं, एकच शब्द, दोन लिपींत. मराठीत पाणी, उर्दूत पानी. उर्दूला 'ण' नाही, एवढाच काय तो फरक. ही मुलं पुढच्या वर्षी नववीला दुसऱ्या शाळेत जातील. जाताना काहीतरी टिकणारं मागे ठेवायचं त्यांच्या मनात आहे. 'टिकणारं' हा शब्द त्यांचाच, आणि साहित्याचे सगळे प्रश्न तिथूनच सुरू झाले.

मुलांनी पहिल्या दिवशी यादी केली ती रंगांची. निळा हवा, सोनेरी हवा, आरशाचे तुकडे हवेत. मी म्हटलं, रंग शेवटी. आधी हे सांगा की हे काम कुठे राहणार आहे, उन्हात की सावलीत, कोरड्यात की ओल्यात?

हा प्रश्न फार जुना आहे. जेरुसलेमचा कुब्बतुस्सखरा, म्हणजे खडकावरचा घुमट, ६९१-९२ मध्ये उमय्या खलिफा अब्दुल मलिकने पुरा केला. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे काचेच्या बारीक तुकड्यांचं फुसैफिसा होतं. सोनेरी तुकडा म्हणजे काचेवर सोन्याचा वर्ख आणि त्यावर पुन्हा काचेचा पातळ थर. असे तुकडे काही ठिकाणी थोडे कलते बसवलेले आहेत, खालून बघणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड यावा म्हणून. आतलं काम आजही पुष्कळसं जागेवर आहे. बाहेरचं मात्र ऊन, पाऊस आणि डागडुजी सोसत साडेआठशे वर्षं कसंबसं तगलं. सोळाव्या शतकाच्या मध्यावर उस्मानी सुलतान सुलेमानने ते काढून तिथे टाइल लावल्या. एकच इमारत, एकाच काळातलं काम. आतलं टिकलं आणि बाहेरचं गेलं.

आमची टाकी तर पूर्ण बाहेर. मे महिन्यात गोंदियाचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि जूनमध्ये त्याच तापलेल्या भिंतीवर धो धो पाणी. त्यातून ती पाण्याची टाकी, म्हणजे मागूनही ओल. म्हणून यादीतली पहिली काट फेविकॉलवर बसली. लाकडाच्या पाटीवर, घरात टांगायच्या कामाला पांढरा फेविकॉल उत्तम. मुलांच्या हाताला इजा नाही, चुकलं तर सरकवता येतं, वाळला की दिसतही नाही. पण पाणी लागलं की तो मऊ पडतो. प्लायवूडवरही काट, कारण ओल लागली की ते फुगतं आणि तुकडे उडवून लावतं. आरसाही गेला. आरशाच्या पाठीचा मुलामा ओलीने काळा पडतो. मुलींचे चेहरे उतरले, पण दोन वर्षांनी भिंतीवर काळे डाग बघण्यापेक्षा हे बरं.

आता तुकडा कशाचा? इथे मला काशानकडे यावंच लागतं. काशानमध्ये अबू ताहिर नावाचं कुंभारांचं घराणं होतं, पिढ्यानपिढ्या टाइल करणारं. त्यातल्या अबुल कासिमने १३०१ मध्ये या धंद्याचा मालमसाला लिहून ठेवला. घराण्याची विद्या कागदावर आली, असं फार क्वचित घडतं. त्याचं माप साधं आहे: दहा भाग पांढरा गारेचा दगड कुटून, एक भाग काचेचा चुरा, एक भाग पांढरी माती. म्हणजे जिला आपण मातीची टाइल म्हणतो तिच्यात माती बारावा हिस्सा, बाकी गार आणि काच. त्यामुळे अंग पांढरंशुभ्र, आणि वर कोबाल्टची निळी झिलई चढवली की ती आतून उजळल्यासारखी दिसते. मुलांना मी हे माप फळ्यावर लिहून दिलं. गणिताच्या सरांनी त्याच्यावर गुणोत्तराची दोन उदाहरणं घातली, हा एक वरचा फायदा.

आपल्या बाजारात मिळणाऱ्या टाइल मुख्यतः दोन जातींच्या. भिंतीला लावतात ती सिरॅमिक टाइल, मागून बघितली तर विटकरी किंवा मळकट पांढरी, पाण्याचा थेंब ठेवला तर दोन मिनिटांत पिऊन टाकणारी. दुसरी जमिनीची व्हिट्रिफाइड, दगडासारखी घट्ट, थेंब तसाच उभा राहतो. ही परीक्षा प्रत्येक मुलाने आपल्या तुकड्यावर करून बघितली. शिकणाऱ्याच्या हाताला भिंतीची टाइल बरी. पकडीत धरून दाबलं की कट्‌कन जवळजवळ हवी तिथे तुटते. व्हिट्रिफाइडवर पक्कड घसरते, मनगट दुखतं आणि कपची भलतीकडे उडते. शिवाय ती पाणी पीत नाही म्हणून साध्या सिमेंटला धरत नाही, तिला टाइल चिकटवायचा खास मसाला लागतो. भिंतीच्या टाइलचं उलट. ती इतकी तहानलेली की कोरडी लावली तर सिमेंटचं पाणी शोषून घेते आणि सिमेंट भुसभुशीत राहतं. म्हणून मिस्त्री ती आधी बादलीत बुडवून ठेवतात. हे आमच्या मिस्त्री चाचांनी मुलांना एका वाक्यात सांगितलं, "पहले उसकी प्यास बुझाओ, फिर लगाओ."

तुकडे विकत घ्यायचे नाहीत हे पहिल्यापासून ठरलं होतं. टाइलच्या दुकानामागे फुटक्या पेट्यांचा ढीग असतो, मागितला तर फुकट मिळतो. इथे लाज वाटायचं कारण नाही. अहमदाबादची गुफा आठवा. चित्रकार मकबूल फिदा हुसेन जन्मले पंढरपूरला, वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी पुण्याला. या दोघांनी मिळून जमिनीखालचं ते चित्रदालन उभं केलं, ते १९९५ मध्ये पुरं झालं. वर दिसतात ते कासवाच्या पाठीसारखे घुमट, आणि त्यांच्यावर फुटक्या चिनी मातीचे पांढरे तुकडे, मधून काळ्या तुकड्यांचा नाग सरपटत गेलेला. मुंबई-गुजरातकडच्या जुन्या गच्च्यांवर असाच पांढरा तुकडा बसवतात, त्याला तिकडे चायना मोझेक म्हणतात. पांढरा रंग ऊन परतवतो आणि खालची खोली निवते. दोशींनी हीच रीत आपल्या स्वतःच्या कचेरीच्या कमानदार छपरांवरही वापरली. चंदीगडला सडक खात्यात नोकरी करणाऱ्या नेकचंदांनी तर पाडलेल्या घरांचा मलबा, फुटक्या कपबशा आणि बांगड्या गोळा करून अख्खी दुनिया उभी केली. वर्षानुवर्षं चोरून केलेलं ते काम १९७६ मध्ये लोकांसाठी उघडलं. त्या बाहुल्यांच्या अंगावरच्या बांगड्यांचे फोटो मुलांनी फोनवर बघितले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बांगड्यांच्या तुकड्यांच्या तीन पिशव्या आल्या.

बांगडी मात्र जपून वापरायची वस्तू. तिचे टोक सुईसारखे असते, म्हणून आधी पॉलिश पेपरवर पाणी टाकून घासून घ्यावे लागते. काच पारदर्शक असेल तर मागचं करडं सिमेंट दिसतं आणि हिरवी बांगडी शेवाळी दिसते. त्यासाठी तिच्याखाली व्हाइट सिमेंट. पण बांगडीसारखी वेलांटी दुसऱ्या कशाची होत नाही! 'णी'ची ती वरची कमान टाइलमधून कापायला मिस्त्री चाचांनाही घाम फुटला असता. बांगडीचे तीन तुकडे शेजारीशेजारी ठेवले, वेलांटी तयार.

देवनागरी तशी तुकड्यांवर मेहेरबान लिपी. शिरोरेषा म्हणजे सरळ पट्टी, काना म्हणजे सरळ पट्टी. साठ सेंटिमीटरची आडवी रेघ आणि तिच्याखाली दांडे, एवढ्यावर निम्मा शब्द उभा राहतो. अडचण उर्दूची. नस्तालीक ही उतरती, लवचिक लिपी. बोरूच्या एका ओढीत रेघ जाड होते आणि बारीक होते. चौकोनी तुकड्यांना ते कसं जमावं? इराण-तुराणच्या गवंड्यांनी यावर एक तोड काढली होती. विटांच्या चौकटीत बसेल अशी, सगळे कोपरे काटकोनात असलेली चौकोनी कूफी. सोपी, भक्कम, भिंतीसाठीच जन्मलेली. मी तिचा नमुना मुलांना दाखवला. ते बघून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ये मेरी दादी नहीं पढ़ सकेगी." तिचं बरोबर होतं. आमच्याकडची उर्दू वाचणारी माणसं नस्तालीक वाचतात. ज्या अक्षरांत दादी वाचू शकत नाही ती पाण्याच्या टाकीवर लिहून काय करायचं? चौकोनी कूफी बाद.

मग नस्तालीकला तुकड्यांत आणायचं कसं, तर खुशनवीसांच्या मापाने. दहाव्या शतकातल्या बगदादच्या इब्न मुक्लापासून अक्षरं नुक्त्यांनी मोजायची पद्धत आहे. बोरूची निब कागदावर टेकवून जो तिरपा चौकोन उमटतो तो नुक्ता, आणि तेच माप. नस्तालीकमध्ये अलिफ तीन नुक्त्यांचा. आता नुक्ता म्हणजे काय? कोनावर उभा केलेला चौकोन, म्हणजे टाइलचा तुकडाच! आम्ही नुक्त्याची बाजू पाच सेंटिमीटर धरली. कोनावर उभा केला की त्याची उंची सात सेंटिमीटर आणि वर थोडी, तीन नुक्त्यांचा अलिफ एकवीस. पे-खाली तीन नुक्ते, नूनवर एक. चार तुकडे तर कापायच्या आधीच ठरले. बाकीच्या वळणांसाठी अक्षर आधी कागदावर खऱ्या आकाराचं काढलं आणि त्याच्या फाका पाडून एकेक फाक टाइलवर गिरवली. काशीकारीचे उस्तादही असंच करत: कागदी नकाशा कापायचा, त्याप्रमाणे टाइल छाटायची, कडा मागच्या बाजूने तिरप्या घासायच्या, म्हणजे पुढून दोन तुकडे केसभरही फट न ठेवता भिडतात.

ते लोक पुढे तुकडे पालथे मांडून मागून जिप्समचा लगदा ओतत आणि वाळलेला तक्ता उचलून भिंतीला लावत. इराणच्या कोरड्या हवेत जिप्सम चालतं. आपल्या पावसात नाही चालणार. पालथं मांडायची गंमत मात्र मुलांना करून बघायची होती. कागदावर कणकेच्या खळीने तुकडे उपडे चिकटवायचे, मग तो कागद ओल्या गिलाव्यावर उलटा दाबायचा आणि खळ भिजली की कागद सोलून घ्यायचा. पण यात अक्षर आरशातल्यासारखं मांडावं लागतं. मराठी उजवीकडून आणि उर्दू डावीकडून. मुलं अर्धा तास हसत होती. शेवटी आम्ही सरळ पद्धतच घेतली, भिंतीवर तोंडासमोर तुकडा लावायची. एका शब्दासाठी तीच योग्य.

आता बीदर. उदगीरला नात्यातल्या एका लग्नाला गेले होते तेव्हा तिथून जवळ म्हणून बीदर बघून आले होते. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेला आणि नंतर म्हैसूर राज्यात गेलेला हा जिल्हा, भालकी-औराद भागात आजही मराठी कानावर पडते. तिथला महमूद गावानचा मदरसा १४७२ चा. गावान इराणच्या गिलान प्रांतातून व्यापारी म्हणून आलेला, पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. तीन मजल्यांची इमारत, लांबी २०५ फूट, रुंदी १८० फूट, विद्यार्थ्यांना राहायला खोल्या, हजारो हस्तलिखितांचं ग्रंथालय. मला एक शिक्षिका म्हणून त्या खोल्याच जास्त आवडल्या. प्रत्येकीत उजेड आणि वारा येईल अशी योजना आहे, आजच्या कित्येक शाळांत ती नसते. दर्शनी भिंत काशीकारीने मढवलेली होती. वर अली अल-सूफी या खुशनवीसाने लिहिलेली सूरे जुमरची आयत आहे. मिनारावर निळ्या, पांढऱ्या, हिरव्या टाइलचे नागमोडी पट्टे, आजही ओळखू येतात एवढे शिल्लक.

'मिनारावर' असं एकवचन लिहिलं, कारण दोनांपैकी एकच उरला आहे. गावानला १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारावर सुलतानाने मारलं. मदरसा चालू राहिला. पुढे मोगल काळात इमारतीच्या काही भागात दारूगोळा साठवला गेला आणि १६९६ च्या सुमारास त्याचा स्फोट झाला. दुसरा मिनार आणि दर्शनी भागाचा मोठा हिस्सा त्यात गेला. शाळेत बारूद ठेवली की काय होतं, हे मुलांना वेगळं शिकवावं लागलं नाही.

पण स्फोटातून वाचलेल्या भिंतीवरच्या टाइलही पुष्कळ गळाल्या आहेत. माझ्या मनात ते उघडे पडलेले तुकडे राहिले, जिथे झिलई नाही, फक्त मागचा गिलावा दिसतो. टाइलच्या झिलईला पावसाचं काही होत नाही. पाणी शिरतं ते दोन तुकड्यांच्या मधून. ते मागे साचतं, आतले क्षार विरघळवून पुढे आणतं, ऊन पडलं की क्षार फुगतात आणि तुकडा अलगद ढकलला जातो. बीदरच्याच किल्ल्यात रंगीन महाल आहे, अली बरीदच्या काळातला, सोळाव्या शतकातला. तिथे काळ्या बेसाल्टमध्ये खाचा करून शिंपल्याचे चमकते तुकडे बसवले आहेत. दगडाच्या कोंदणात असल्याने आणि छपराखाली असल्याने ते अजून असे लखलखतात की बोट फिरवायचा मोह होतो. नागऱ्याच्या जुन्या शिवमंदिरावरून मी रोज जाते. तिथे कारागिराने दगडातून नको ते काढून टाकलं आहे. तुकड्यांच्या कामात उलट आहे, सगळी भिस्त मधल्या सांध्यावर.

म्हणून आमच्या खर्चातला मोठा हिस्सा टाइलवर नाही, टाइलच्या मागे-पुढे गेला. भिंतीचा जुना रंग खरवडून काढला, कारण रंगावर चिकटवलेला तुकडा रंगासकट सुटतो. टाकीत आतून पाणी झिरपू नये म्हणून वॉटरप्रूफचा लेप दिला. नवा गिलावा करून सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, मग तो पूर्ण वाळू दिला. तुकड्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवली. काशीकारीच्या उस्तादांसारखी केसभर फट ठेवायला त्यांच्यासारखा हात लागतो. नवशिक्याने फट ठेवावी आणि ती नीट भरावी. भरण ओलं असताना वीस-पंचवीस मिनिटांनी पिळलेल्या फडक्याने पुसायचं. जास्त ओलं फडकं असेल तर भरणच निघून येतं, आणि उशीर केला तर झिलईवर पांढरा थर बसतो.

हत्यारं थोडीच. तुकडे करायची दोन चाकांची पक्कड, सरळ कापासाठी टाइल कटर, कडा घासायला कानस, एक लहान थापी, रबराचे हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल. गॉगल सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही. हातोडीने फोडायचं काम मिस्त्री चाचांनीच केलं, गोणपाटात गुंडाळून. मुलांकडे आलं ते पकडीचं बारीक काम, तेही तुकडा भिजवून, म्हणजे धूळ उडत नाही. सिमेंटला उघडा हात लावायचा नाही, चुन्यासारखंच ते कातडी खातं.

एक गोष्ट राहिली. आठवीतल्या एका मुलाने अर्धी फुटलेली बशी आणली. निळ्या वेलीची, त्याच्या नानीची. ती मागच्या रमजानमध्ये गेली. फुटकं भांडं घरात ठेवू नये म्हणून त्याची अम्मी ते टाकणार होती. नहूसत येते म्हणतात. मराठी घरांतही हेच म्हणतात, शब्द वेगळा. बशी घेऊन तो दोन दिवस नुसता बसून होता. फोडायची म्हटली तर हात उचलेना, आणि न फोडता लावणं शक्य नव्हतं, कारण बशी वाकडी असते, भिंत सपाट. बशीचा सपाट भाग फक्त तळाचा. त्याखालची गोल कड पकडीने छाटली तर तिथून पाच सेंटिमीटरचा एक चौकोन निघतो, नेमका एक. चाचांनी ती त्याच्या हातात दिली नाही, की स्वतःही लगेच घेतली नाही. "तू बोल, कब," एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी तो बोलला.

तो चौकोन नूनवरचा नुक्ता झाला आहे. भरणाचा रंग पांढरा ठेवायचा की करडा, यावर वर्गात अजून दोन पक्ष आहेत. पांढरा उठून दिसेल, पण नळाखालच्या ओल्या भिंतीवर चार महिन्यांत शेवाळ धरेल. मी करड्याच्या बाजूची आहे. शनिवारी हात वर करून ठरेल.